हातचे तीनशे

आमच्या अण्णांची आयुष्यात एकही गाडी चुकलेली नाही. कराडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. कोयना एक्सप्रेसने पुण्याला जायचं असलं की अण्णा आम्हाला घेऊन दोन तास आधी घराबाहेर पडत. का, असं विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की यादी सुरू व्हायची. रिक्षा मिळाली नाही तर? मिळाली आणि पंक्चर झाली तर? कारखान्याचा हंगाम आहे, उसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या तर? आणि शेवटी, बोट वर करून, "फाटक लागलं तर?" आमच्या वाटेवर फाटक होतं की नाही, हे मला आज नक्की आठवत नाही. यादीत मात्र ते कायम असायचं. मग आम्ही फलाटावर ट्रंकेवर बसून दीड तास मालगाड्यांचे डबे मोजायचो आणि आईने पुण्यासाठी बांधून दिलेल्या दशम्या ओगलेवाडीतच संपायच्या.

मी मोठा होऊन याचा सूड घ्यायचं ठरवलं होतं. कुठेही वेळेवर पोचायचं, पण आधी नाही. पुढे नोकरीने मला जर्मनीत, स्टुटगार्टच्या बाजूला आणून टाकलं आणि तिथे मी बिनइंजिनाचं विमान उडवायला शिकलो. मग कळलं की या छंदात सगळ्यात जास्त विचार कशाचा करावा लागत असेल तर तो वेळेआधी पोचण्याचाच.

ग्लायडर म्हटलं की इथल्या गणपतीत भेटणारी प्रत्येक काकू एकच प्रश्न विचारते. "अरे, पण वर गेल्यावर इंजीन बंद पडलं तर?" मी सांगतो, "काकू, इंजीन नसतंच." त्यावर एका काकूंनी मोदकाचं ताट खाली ठेवून म्हटलं, "अगंबाई! म्हणजे पहिल्यापासूनच बंद." या खेळाची इतकी नेमकी व्याख्या मी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नाही.

पहिल्यापासूनच बंद असलेलं हे यान दिवसभर वर कसं राहतं, ते घारीला विचारावं. उन्हाने तापलेल्या नांगरटीवरून, गावाच्या कौलांवरून गरम हवेचे खांब वर उठतात. घार त्यात शिरते, पंख न हलवता गिरक्या घेते आणि ठिपका होते. आम्हीही तेच करतो; आम्ही त्याला थर्मल म्हणतो आणि घार काही म्हणत नाही, एवढाच फरक. एका खांबात चढायचं, पुढच्या खांबापर्यंत घसरत जायचं, पुन्हा चढायचं. बाकी दिवसभर हवेच्या उधारीवर जगणं. कॉलेजात असताना हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचच्या दोरीने वर गेलो होतो आणि काही मिनिटांत खाली आलो होतो. तेव्हा उधारी मिळायच्या आतच दुकान बंद झालं होतं.

संध्याकाळ होते, ऊन कलतं, खांब मोडायला लागतात. मग एक शेवटचा खांब पकडायचा, पुरेशी उंची घ्यायची आणि तिथून गिरकी न घेता सरळ घरी यायचं. हा फायनल ग्लाइड. जर्मन लोक एंडआनफ्लुग म्हणतात. मी मनातल्या मनात शेवटची उतरण म्हणतो.

गणित चौथीच्या पोराचं आहे. आमच्या क्लबचं एलएस ४ जातीचं ग्लायडर वयाने चाळिशीच्या पुढचं आहे आणि शांत हवेत एक मीटर खाली येताना साधारण चाळीस मीटर पुढे जातं. म्हणजे घर ४० किलोमीटरवर असेल तर १००० मीटर उंची पुरे. पण हजार मीटर घेऊन निघालात तर घरी शून्य मीटरवर पोचाल, आणि शून्य मीटरवर कुंपण असतं. शिवाय धावपट्टीला एक फेरी मारायची असते. वाऱ्याचा मोजा कुठे फडकतोय, खाली कोणी आडवं उभं आहे का, बाकीची चार ग्लायडरं त्याच वेळी घरी येताहेत ती कुठे आहेत, हे बघायचं. पोटात घेतलेलं चाक खाली काढायचं. म्हणून बेरजेत ३०० मीटर हातचे धरायचे. शाळेत आपण हातचा एक घेतो, तसाच. फक्त शाळेत हातचा विसरला तर उत्तर चुकतं.

ही झाली शांत हवा. शांत हवा ही परीक्षेच्या पेपरातल्या घर्षणरहित पृष्ठभागासारखी, आजवर कोणाला भेटलेली नाही. ताशी शंभरने येताना समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असला की जमिनीवर आपण ऐंशीनेच सरकतो, म्हणजे चाळिसाचे बत्तीस झाले. आणि गरम हवा एका ठिकाणी वर जाते म्हणजे शेजारी कुठेतरी ती खालीही येतेच. या वेगाला ग्लायडर सेकंदाला सुमारे सत्तर सेंटिमीटर उतरत असतं. त्यात हवाच सेकंदाला एक मीटरने खाली निघालेली असली की मूळच्या चाळिसाचे सोळा होतात. सेकंदाला एक मीटर म्हणजे काय, तर म्हाताऱ्या माणसाने सोफ्यावर बसण्याचा वेग. तेवढ्याने निम्म्याहून जास्त पल्ला गायब.

पंखांच्या पुढच्या कडेला चिलटं चिकटतात, त्यानेही पल्ला घटतो. हे मला कोणी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा थट्टा वाटली. पण चांगल्या ग्लायडरांना चिलटं पुसायचं यंत्र असतं. दोरीला बांधलेला एक छोटा गाडा पंखाच्या कडेवरून टोकापर्यंत सरसर जातो आणि पुसत परत येतो. लाखो रुपयांच्या विमानाला बाहेरून झाडू मारणारी ही सोय आणि नाकासमोर काचेवर चिकटपट्टीने चिकटवलेला लोकरीचा एक लाल धागा, या माझ्या सगळ्यात आवडत्या दोन वस्तू. धागा सरळ तर विमान हवेत सरळ. धागा तिरका तर तुम्ही तिरके. आईच्या स्वेटरातून उरलेली लोकर चालते. मी तीच लावली आहे.

आमच्या क्लबात मला शिकवणारे गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, सुतारकामाच्या शाळेत मास्तर होते. जर्मन ग्लायडिंग क्लबात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, वय बघत नाहीत. मला ते जमेना. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नावाने हाक मारताना आई मागून फटका देईल असं वाटतं. म्हणून तोंडाने मी कुठलंच संबोधन वापरत नाही आणि मनात गुरुजी म्हणतो. गुरुजींचं एकच पालुपद. "वारा तुला माहीत आहे, तो आधीच वजा कर. राखीव उंची तुला माहीत नसलेल्या गोष्टींसाठी असते." मला माहीत नसलेल्या गोष्टी कुठल्या, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "माहीत असत्या तर सांगितल्या असत्या." हेच अण्णांना विचारलं असतं तर ते फाटक म्हणाले असते.

आणि उंची जास्त झाली तर? काही नाही. ग्लायडरच्या पंखांतून फळ्या वर येतात, एअरब्रेक म्हणतात त्यांना. खटका ओढला की उंची धबाधबा ओतून देता येते. उंची फेकणं फुकट आहे. विकत घ्यायला संध्याकाळी सहानंतर कोणी दुकानदार उरत नाही.

फेकायला एअरब्रेक पुरत नसतील तरी चालतं, हे कॅनडात सिद्ध झालं आहे. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं कोरं बोईंग ७६७, आत एकूण ६९ माणसं, ४१,००० फुटांवर आणि टाकीत इंधन नाही. कारण काय, तर देश तेव्हा मेट्रिकमध्ये चालला होता आणि इंधनाचा हिशेब करताना किलोच्या जागी पौंडाचा गुणक लागला. म्हणजे हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी भरलं गेलं. वाण्याच्या दुकानात किलो आणि शेरावरून भांडणाऱ्या आमच्या आजीने हे दोन मिनिटांत पकडलं असतं. दोन्ही इंजिनं बंद पडली आणि आमच्या काकूंचा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. नशिबाने कॅप्टन बॉब पिअरसन हे मुरलेले ग्लायडर पायलट होते. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी किती अंतरात किती उंची गेली याचा हिशेब मांडला. पल्ला एकास बारा. या हिशेबाने विनिपेगचा विमानतळ आवाक्यात नव्हता. मग त्यांनी विनिपेगचा नाद सोडला. मला या सगळ्या गोष्टीत हीच जागा थोर वाटते. मोठा विमानतळ, अग्निशमनच्या गाड्या, सगळं तिकडे असताना, आकडा नाही म्हणतोय म्हटल्यावर ते गिमलीकडे वळले. तिथे हवाई दलाची जुनी धावपट्टी होती, क्विंटल पूर्वी तिथे नोकरीला होते. त्या धावपट्टीवर आता मोटारींच्या शर्यती होतात आणि आजही माणसं जमलेली आहेत, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. जवळ पोचल्यावर उंची जास्त झाली. पिअरसननी त्या अजस्र विमानाला, ग्लायडरला करतात तसं, आडवं तिरकं घालून खाली सरकवलं. पुढचं चाक मुडपलं, नाक घासत विमान थांबलं, माणसं सगळी वाचली. माझ्यासारख्याला यातून एवढाच धीर येतो की बोईंगलाही शेवटी आमच्याच वहीत गणित मांडावं लागलं.

आता माझ्या वहीकडे येतो.

हल्ली वहीही राहिली नाही. समोर एक छोटा संगणक असतो, तो क्षणाक्षणाला सांगतो की तुम्ही घरी हातचे ३०० धरून किती मीटर वर किंवा खाली पोचाल. अधिक ८० म्हणजे ऐंशी जादा. उणे ८० म्हणजे अजून गिरक्या घ्या. त्यात मॅक्रेडीचा आकडा भरायचा असतो. पॉल मॅक्रेडी हे १९५६ साली फ्रान्समध्ये सँ-याँ इथे ग्लायडिंगचे जगज्जेते झालेले अमेरिकन गृहस्थ. पुढे त्यांनी सायकलसारखं पायडल मारून उडणारं विमान केलं आणि १९७९ मध्ये तसल्याच विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली गेली. त्यांचं म्हणणं असं, की पुढचा खांब जितका जोरदार मिळणार असेल तितकं आत्ता वेगाने जा. शेवटच्या उतरणीवर शहाणी माणसं हा आकडा मुद्दाम थोडा चढा ठेवतात. संगणकाला वाटतं हा गडी जोरात जाणार, म्हणून तो जास्त उंची मागतो. प्रत्यक्षात हवा बिघडली की वेग थोडा उतरवायचा आणि वाचलेली उंची गुपचूप खिशात टाकायची.

आमच्या घरात भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, तीच ही युक्ती. आणि तिचं पुढे काय होतं तेही आम्हाला माहीत आहे. घड्याळ पुढे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सव्वासात वाजले, म्हणजे सात वाजून पाचच मिनिटं, म्हणजे चहा होईल. अण्णांना हे कळल्यावर त्यांनी घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं. आम्ही पंधरा वजा करायला लागलो.

गेल्या जुलैतला शनिवार. मी पूर्वेला नोर्डलिंगनच्या बाजूला जाऊन परत येत होतो. तिथे उल्का पडून झालेला जुना, चोवीसेक किलोमीटर रुंद खड्डा आहे, तो वरून बघायची मला हौस. परतताना घर ३८ किलोमीटर राहिलं. समोरून वीसचा वारा, धावपट्टीपेक्षा १४५० मीटर वर, मॅक्रेडी एकवर. संगणक म्हणाला, उणे ९०.

खांब थकला होता. सेकंदाला अर्धा मीटर, जेमतेम. नव्वद मीटर चढायला तीन मिनिटं. आणि मला घाई झाली होती. घाई कसली, तर क्लबात शनिवारी केक असतो आणि उशिरा येणाऱ्याला चेरीचा उरत नाही.

मग मी बटणं दाबली. मेनूत गेलो. राखीव उंची: ३००. तिची २०० केली. झटकन उणे ९० चे अधिक १० झाले! हवेत शंभर मीटर मिळवायला घाम गाळावा लागतो आणि इथे दोन सेकंदांत मिळाले. माझी भीड चेपली. मॅक्रेडी एकचा शून्य केला. अधिक ६०. खाली 'किडे' असाही एक रकाना होता. तो आधीपासूनच 'नाही' वर होता आणि समोर पंखाच्या कडेवर चिलटांचं नक्षीकाम मला स्पष्ट दिसत होतं. मी त्याला हात लावला नाही. मला कोणी विचारलंच नव्हतं.

पहिले दहा किलोमीटर अधिक ६० टिकलं. मी मनात केकचा तुकडाही निवडला. मग चढउतार सांगणारं यंत्र, जे चढताना आनंदाने टिवटिव करतं, ते घसा बसल्यासारखं रडायला लागलं. खाली जाणारी हवा. सेकंदाला एक मीटर. तो म्हातारा सोफ्यावर बसायला लागला. अशा वेळी वेग वाढवायचा असतो, म्हणजे त्या हवेतून लवकर बाहेर पडता येतं. हे मी परीक्षेत लिहिलं आहे. पण हात मागे येतो. स्कूटर रिझर्व्हला लागली की आपण ती हळूहळू, श्वास रोखून चालवतो ना, जणू पेट्रोलला आपण दिसणार नाही, तसंच. मीही दांडी मागे घेतली, हळू झालो आणि त्या घाण हवेत आरामात राहिलो. किती वेळ? तीन मिनिटं. संगणक म्हणाला, उणे १२०.

मी काय करावं? मी मेनूत गेलो. राखीव उंची २०० ची १०० केली. उणे २०. छे, वीस मीटर म्हणजे काय, सहा मजली इमारत. वाटेत कुठेतरी मिळतील.

घर दिसायला लागलं होतं. हँगरचं छप्पर, बाहेर लावलेल्या गाड्या. पण काचेतून बघताना एक खूण असते. जिथे पोचायचं ती जागा काचेवर हळूहळू खाली सरकत असेल तर तुम्ही वरून जाणार. जागच्या जागी असेल तर नेमके तिथेच टेकणार. आमचा हँगर मात्र काचेवर वर वर चढत होता, अगदी सावकाश, लिफ्टमधून निघालेल्या साहेबासारखा. संगणकाशी वाद घालता येतो, त्याला मेनू आहे. काचेला नाही.

घर ७ किलोमीटर, उंची ३०० मीटर. मधे तीन किलोमीटर जंगल, एकाला एक लागून देवदारासारखी झाडं. जंगलाच्या अलीकडे बार्ली नुकतीच कापलेलं शेत, लांब, किंचित वर चढणारं, तारा नाहीत, गुरं नाहीत. जंगलात शिरलो आणि पुन्हा म्हातारा बसला तर पलीकडे निघायचं झाडांच्या शेंड्यांवरून, हळू, खाली, जीव मुठीत धरून. त्यात वळायची वेळ आली तर विमान पंखावरचा आधार सोडून देतं, आणि तेवढ्या उंचीवर ते पुन्हा सावरत नाही. या खेळात माणसं जातात ती अशीही, घर समोर दिसत असताना.

त्या क्षणी मला गुरुजी आठवले नाहीत, मॅक्रेडी नाहीत. ओगलेवाडीचा फलाट आठवला, भर दुपारचा, रिकामा. मी घराकडे पाठ फिरवली.

चाक काढलं. मोठ्याने म्हटलं, मराठीत, "चाक खाली." शेताला एक फेरी मारली, एअरब्रेक ओढले आणि धसकटांवर खडखडत, भाजी चिरण्याच्या विळीवर पोत घासावा तसा आवाज करत, एकदाचा थांबलो. एक पंख हळूच जमिनीला टेकला. शांतता. काचेवरचा लाल धागा वाऱ्याने उलटा होऊन माझ्याकडे बघत होता.

ट्रॅक्टरवरून शेतकरी आला. उतरला, विमानाभोवती एक चक्कर मारली, टायरवर बुटाने हलकेच टिचकी मारली आणि विचारलं, "मोटर बंद पडली?" मी म्हटलं, "मोटर नसतेच." तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "मग स्वस्त पडत असेल." या भागातले श्वाबी लोक काटकसरीसाठी साऱ्या जर्मनीत बदनाम आहेत, पुण्याच्या माणसाला इथे परकं वाटत नाही.

क्लबातून लांबलचक ट्रेलर घेऊन माणसं येणार, पंख काढणार, पेटीत भरणार. अशा उतरलेल्याने येणाऱ्यांना जेवू घालायचं, हा अलिखित कायदा. गुरुजी स्वतः आले. मागच्या सीटवर आमची ही, म्हणजे बायको, तिच्या मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. "फोन आला तेव्हा वाटलंच," ती म्हणाली, "तुझ्या घरी एक पद्धत आहे आणि तू तिच्या उलटं वागतोस." गुरुजींनी काही विचारलं नाही. संगणक सुरूच होता, ते वाकून त्यावरचा आकडा बघत राहिले. राखीव उंची: १००. मग बटण दाबून त्यांनी तो परत ३०० केला, खिशातून रुमाल काढला आणि पंखाच्या कडेवरची चिलटं पुसायला लागले. पुऱ्या सहा जणांत संपल्या. तीन मिनिटं वाचवायला निघालेला मी चार तासांनी, रात्री साडेदहाला घरी पोचलो; सहा जणांच्या जेवणाचं बिल खिशात आणि केकचा विषय कोणी काढायचा नाही अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा व्हिडिओ कॉल. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, फोन कानाला लावून धरतात, त्यामुळे आम्हाला त्यांचा कानच दिसतो. हिने सगळं सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, काही झालं नाही, शेतात उतरलो, नीट आहे."

कान थोडा वेळ गप्प होता.

"किती आधी निघाला होतास?"

"तीन मिनिटं कमी पडली, अण्णा."

"मग? फाटक लागलं का?"

"लागलं."

"वाटलंच मला," अण्णा म्हणाले आणि पलीकडे आईला हाक मारून ही बातमी द्यायला लागले.